बार्बरा जॉर्डन: गाजलेलं भाषण सोडून बाकी कारकीर्द काय?

मेघना_आर

नमस्कार मंडळी, माहीतगारांची मदत हवी आहे.

लेकीच्या वर्गात प्रत्येकाला एका अमेरिकन लोकप्रतिनिधीवर लिहायचंय. अट एकच, ती व्यक्ती आधी राज्याच्या आणि मग देशाच्या कायदेमंडळात बसलेली हवी. हिने टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन निवडल्या. कारण विचाराल तर आवाज! राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाच्या वेळचं, 25 जुलै 1974 चं भाषण तिने ऐकलं आणि म्हणाली, "आई, ही बाई बोलतेय की निकाल वाचून दाखवतेय?"

पंचाईत अशी की नेटवर जिथे जावं तिथे तेच भाषण. त्याच्या आधी टेक्सासच्या सिनेटमध्ये सहा वर्षं, नंतर वॉशिंग्टनमध्ये सहा वर्षं, एवढं कळतं. पण त्या बारा वर्षांत केलं काय? शिक्षिकाबाईंनी बजावलंय की नुसतं 'पहिली कृष्णवर्णीय महिला' अशी यादी दिली तर गुण मिळणार नाहीत.

मला स्वतःलाही काही गोष्टी कळेनात. 1962 आणि 1964 असं लागोपाठ दोनदा पडलेली व्यक्ती 1966 ला सहज निवडून कशी येते? पहिल्याच खेपेला काँग्रेसमध्ये (म्हणजे देशाच्या कायदेमंडळात) गेलेल्या बाईंना न्यायविषयक समितीसारखी वजनदार जागा कुणी दिली? एका ठिकाणी वाचलं की काँग्रेसचा मतदारसंघ त्यांनी स्वतःच स्वतःसाठी आखून घेतला. खरं आहे का हे? आणि एवढं नाव झाल्यावर त्रेचाळिसाव्या वर्षाच्या आत राजकारण का सोडलं?

---

ऑस्टिनकर

मेघनाताई, लेकीला शाबासकी द्या. या बाईंवर मी तासभर बोलू शकतो. घरचे ऐकत नाहीत, म्हणून इथे लिहितो.

भाषण थोडा वेळ बाजूला ठेवा आणि ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे तिचा नकाशा समोर घ्या. जॉर्डनबाईंची अख्खी कारकीर्द मतदारसंघाच्या रेघांवर उभी आहे. रेघ विरोधात होती तेव्हा त्या पडल्या, रेघ हलली तेव्हा जिंकल्या, मग रेघा आखणाऱ्यांत स्वतः जाऊन बसल्या, आणि शेवटी कुणी मनमानी करून रेघा हलवू नयेत म्हणून वॉशिंग्टनमध्ये कायद्याला हात घातला. निबंधाला हा एक धागा पुरे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात. जन्म 21 फेब्रुवारी 1936, ह्यूस्टनचा फिफ्थ वॉर्ड. वडील गोदामात कारकून आणि बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक. टेक्सास सदर्न विद्यापीठात वादविवादाच्या संघात होत्या, ती तालीम पुढे जन्मभर पुरली. 1959 ला बोस्टन विद्यापीठातून वकिलीची पदवी. ह्यूस्टनला परतल्यावर ऑफिस थाटायला पैसे नव्हते, तेव्हा आईवडिलांच्या जेवणाच्या टेबलावर पक्षकार भेटायचे. 1960 च्या केनेडी-जॉन्सन प्रचारात गल्लीगल्लीतून मतदार बाहेर काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि तिथे राजकारणाची गोडी लागली.

आता त्या दोन पराभवांकडे येऊ. टेक्सासच्या हाउसमध्ये, म्हणजे कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहात, तेव्हा हॅरिस काउंटीच्या बारा जागा होत्या, पण काउंटीचे बारा तुकडे केलेले नव्हते. प्रत्येक जागेसाठी सगळ्या काउंटीने मत द्यायचं. म्हणजे फिफ्थ वॉर्डाने डोक्यावर घेतलं तरी बाकीचं गोरं ह्यूस्टन आणि उपनगरं मिळून उमेदवार पाडणार. शिवाय पोल टॅक्स होता, म्हणजे मत द्यायचं तर भरायचा कर. पावणेदोन डॉलर, दरवर्षी, तेही 31 जानेवारीच्या आत भरायचे. निवडणुकीची हवा तापायच्या कितीतरी आधी! ज्याला हातावर पोट भरायचंय तो मे महिन्यातल्या मतासाठी जानेवारीत पैसे कशाला काढेल? बाईंनी दोनदा जीव तोडून प्रचार केला. भाषणाला टाळ्या मिळाल्या, जागा मिळाली नाही.

सिनेटची गोष्ट तर याहून गमतीची. टेक्सासच्या घटनेत कलमच होतं की कुठल्याही एका काउंटीला एकापेक्षा जास्त सिनेटर मिळणार नाही. 1960 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 96 लाखांच्या आसपास आणि सिनेटच्या जागा 31, म्हणजे जागेमागे साधारण तीन लाख माणसं. हॅरिस काउंटीत साडेबारा लाखांच्या घरात लोक आणि सिनेटर किती? एक. चार जणांचं ताट एकाला वाढल्यासारखं. 15 जून 1964 ला सर्वोच्च न्यायालयाने रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स खटल्यात सांगितलं की राज्याच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणातच हवेत. मग 1965 मध्ये टेक्सासला नकाशा नव्याने आखणं भाग पडलं, हॅरिस काउंटीचे तुकडे झाले आणि सिनेटचा अकरावा मतदारसंघ असा तयार झाला की आधीच्या दोन निवडणुकांत ज्या भागांनी बाईंना भरभरून मतं दिली होती ते बरेचसे एका ठिकाणी आले. त्यातच 1966 च्या सुरुवातीला राज्याच्या निवडणुकांमधला पोल टॅक्सही न्यायालयाने मोडीत काढला.

उमेदवार तीच, आवाज तोच. मे 1966 च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) त्यांनी जे. सी. व्हिटफील्ड यांना आरामात हरवलं. हे व्हिटफील्ड उदारमतवादी, राज्याच्या हाउसमधले अनुभवी गृहस्थ. पण प्रचारात त्यांनी प्रश्न काय टाकला, तर गोरा माणूस जिंकू शकतो का? बाई सभेत तोच प्रश्न वाचायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या: नाही, या खेपेला नाही. 1883 नंतर टेक्सासच्या सिनेटमध्ये बसणारी ही पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. बाकीचे तीस सिनेटर पुरुष.

आता खरी मजा. मी रिटायर झाल्यापासून अधिवेशन चालू असलं की कॅपिटॉलच्या गॅलरीत जाऊन बसतो. टेक्सासचं कायदेमंडळ दोन वर्षांतून एकदा, 140 दिवस भरतं. फुकटची करमणूक. तिथे बसल्यावर कळतं की सिनेटमध्ये भाषणाने फारसं काही हलत नाही. पूर्वी तर एक अफलातून पद्धत होती. विधेयकं क्रमानेच घ्यायची असा नियम. मग अधिवेशनाच्या सुरुवातीला एक अगदी किरकोळ विधेयक, काउंटीतल्या बागा सुशोभित करा वगैरे, मुद्दाम यादीच्या डोक्यावर आणून ठेवायचं आणि ते कधीच चर्चेला घ्यायचं नाही. ते तिथे अडून बसलं की त्याखालचं कुठलंही विधेयक क्रम मोडूनच घ्यावं लागतं, आणि क्रम मोडायला दोनतृतीयांश मतं लागतात. 31 पैकी 21. याचा उलटा अर्थ असा की 11 डोकी जमवली की कुठलंही विधेयक जागेवर थिजवता येतं. (आता हा आकडा बदललाय. 2015 पासून नियम ढिला करत आणलाय, पण ते पुराण नंतर.)

जॉर्डनबाईंनी हे गणित पहिल्याच अधिवेशनात ओळखलं. मतदार नोंदणी अवघड करणारं एक विधेयक आलं. त्या सभागृहात गरजल्या नाहीत. एकेका सिनेटरला गाठून, कुणाचं काय देणं लागतं आणि कुणाला पुढे काय हवंय ते बघून दहा जणांचा शब्द मिळवला. स्वतः धरून अकरा. मग ज्यांचं विधेयक होतं त्यांनाच जाऊन सांगितलं की माझ्याकडे मतं आहेत. विधेयक तिथेच बारगळलं. भाषण नाही, टाळ्या नाहीत, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असल्या तर आल्या. लेकीच्या निबंधात हा प्रसंग हवाच.

याच जोरावर 1969 च्या अधिवेशनात टेक्सासचा पहिला किमान वेतन कायदा झाला. केंद्राच्या कायद्यातून सुटलेल्या लोकांसाठी होता तो, शेतमजूर, लाँड्रीत राबणाऱ्या बायका अशांसाठी. कामावर इजा झालेल्या मजुरांची भरपाई वाढवण्यासाठीही त्यांनी जोर लावला. सगळी कामं अशी की पोस्टरवर छापता येत नाहीत.

समितीचं उत्तर एका नावात: लिंडन जॉन्सन. 1967 च्या फेब्रुवारीत, बाई सिनेटर होऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हाच राष्ट्राध्यक्षांनी नागरी हक्कांच्या नेत्यांबरोबर त्यांनाही व्हाइट हाउसमध्ये बोलावलं होतं. 1972 ला त्या काँग्रेसवर निवडून आल्या तेव्हा कृष्णवर्णीय खासदारांच्या गटाला त्या संरक्षणविषयक समितीत हव्या होत्या. जॉन्सन तेव्हा निवृत्त होऊन आपल्या रँचवर होते. त्यांनी सल्ला दिला की त्या भानगडीत पडू नकोस, न्यायविषयक समिती माग. नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत, फोनही फिरवले. त्या काळी डेमोक्रॅटिक खासदारांना समित्या वाटून द्यायचं काम करविषयक समितीतले डेमोक्रॅट करायचे, आणि तिचे अध्यक्ष विल्बर मिल्स जॉन्सन यांच्या जुन्या परिचयातले. काम झालं. जॉन्सन 22 जानेवारी 1973 ला गेले. त्या शिफारशीतून दीड वर्षाने काय उगवलं ते त्यांना बघायला मिळालं नाही.

मतदारसंघ स्वतः आखण्याचं उत्तर 'हो' आहे, पण ते लिहायला बसलो तर रात्र होईल. कुणीतरी काडी टाकेलच, तेव्हा बोलू.

---

वल्ली

घ्या, टाकली काडी.

काका, लेख झकास, पण आरती जरा जास्तच ओवाळलीत. 1971 ची मतदारसंघांची फेररचना तुम्ही अलगद वगळलीत. 1970 च्या जनगणनेनंतर टेक्सासला काँग्रेसची एक जागा वाढून मिळाली. तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर होते बेन बार्न्स, म्हणजे सिनेटचे पीठासीन. बाई त्यांच्या मर्जीतल्या. बार्न्स यांनी त्यांना फेररचना समितीचं उपाध्यक्षपद दिलं आणि ह्यूस्टनच्या मध्यभागात अठरावा मतदारसंघ जन्माला आला, बाईंच्या मापाचा. त्याच नकाशांच्या फेरीत त्यांचा जुना सिनेट मतदारसंघ असा फोडला गेला की तिथून पुन्हा कृष्णवर्णीय माणूस निवडून येणं मुश्कील.

हे मी म्हणत नाही. 1966 लाच राज्याच्या हाउसमध्ये निवडून आलेले ह्यूस्टनचे कर्टिस ग्रेव्ह्ज तेव्हाच म्हणत होते. त्यांचा डोळा त्या सिनेटच्या जागेवर होता, ती जागाच हातची गेली. चिडून ते 1972 च्या प्राथमिक निवडणुकीत बाईंविरुद्ध उभे राहिले, गोऱ्या पुढाऱ्यांशी सौदा केला असा आरोप केला आणि सपाटून आपटले. बाईंना 80 टक्क्यांच्या आसपास मतं. लोकांनी कौल दिला हे मान्य, पण त्याने आरोप खोटा ठरत नाही. बाई गेल्यानंतर टेक्सासच्या सिनेटमध्ये पुढची कृष्णवर्णीय व्यक्ती कधी आली? 1983. क्रेग वॉशिंग्टन. मधली दहा वर्षं शून्य!

आणि 1975 मध्ये टेक्सासचे माजी गव्हर्नर जॉन कॉनली लाचखोरीच्या खटल्यात उभे असताना त्यांच्या चारित्र्याची ग्वाही द्यायला कोण गेलं? ह्याच. कॉनली निर्दोष सुटले ते सोडा, पण नागरी हक्कांच्या बाबतीत या गृहस्थांचा लौकिक काय होता हे ह्यूस्टनच्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. शाळेच्या निबंधात हेही येऊ दे. संत करून टाकू नका.

---

ऑस्टिनकर

वल्लीशेठ, वाट बघत होतो. तथ्यं बरोबर आहेत तुमची, 1983 चं तर वर्मावर बोट आहे.

फक्त एक भर घालतो. काँग्रेसचा नकाशा कायदेमंडळाने केला, पण राज्याच्या सिनेटचा जो नकाशा शेवटी लागू झाला तो पाच पदाधिकाऱ्यांच्या फेररचना मंडळाने आखलेला. टेक्सासमध्ये तशी तरतूद आहे. कायदेमंडळाचं गाडं अडलं की लेफ्टनंट गव्हर्नर, हाउसचे सभापती, ॲटर्नी जनरल, कंट्रोलर आणि जमीन आयुक्त हे पाच जण बसून आखतात. त्यात बाई नव्हत्या. पण बार्न्स होते, त्यामुळे हा मुद्दा बाईंना पूर्ण सोडवत नाही हे मीच सांगून टाकतो. त्यांनी जुनी जागा वाचवायला जिवाचं रान केलं, असं कुणी मला अजून दाखवलेलं नाही.

माझं मत विचाराल तर तो सौदाच होता, आणि मला तो पटतो. दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय माणूस काँग्रेसमध्ये शेवटचा कधी होता? नॉर्थ कॅरोलायनाचे जॉर्ज व्हाइट, 1901 ला बाहेर पडले. त्यानंतर थेट 1973 मध्ये जॉर्डन आणि जॉर्जियाचे अँड्र्यू यंग. एकाहत्तर-बाहत्तर वर्षांचा दुष्काळ. त्यापुढे राज्यातली एक जागा गमावली तर गमावली. ग्रेव्ह्ज यांना हे पटणं शक्य नव्हतं, किंमत त्यांच्या खिशातून गेली.

त्याच 1972 मधली आणखी एक गोष्ट, सौद्याच्या बाजूनेही वाचता येते. सिनेटने त्यांना हंगामी अध्यक्ष निवडलं, आणि प्रथेप्रमाणे 10 जूनला त्या एक दिवसाच्या गव्हर्नर झाल्या. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर दोघंही ठरवून राज्याबाहेर जातात, मग मान हंगामी अध्यक्षांकडे येतो. नुसता समारंभ. पण वडील हजर होते. त्यांना त्याच दिवशी झटका आला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मुलीला गव्हर्नरच्या खुर्चीत बघून गेले.

कॉनलींचं मात्र मलाही पचत नाही. टेक्सासच्या सत्ताधारी वर्तुळाशी त्यांनी जुळवून घेतलं होतं आणि ते नातं त्यांनी कधी लपवलं नाही, एवढंच म्हणेन.

एका बाबतीत वर्तुळाला न जुमानता गेल्या त्या, ते नोंदवतो. 1975 मध्ये मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवायची होती. बाईंनी आग्रह धरला की त्यात भाषिक अल्पसंख्याकांनाही आणा. टेक्सासमधले मेक्सिकन-अमेरिकन मतदार, ज्यांच्या हातात फक्त इंग्रजी मतपत्रिका दिली जायची. दुरुस्तीत सूत्र असं घातलं की जिथे एका भाषिक अल्पसंख्याक गटाचे लोक मतदानयोग्य नागरिकांच्या पाच टक्क्यांहून जास्त आहेत, 1972 ला मतपत्रिका इंग्रजीतच होती आणि नोंदणी किंवा मतदान निम्म्याहून कमी होतं, ते राज्य केंद्राच्या देखरेखीखाली. टेक्सास अख्खं त्यात सापडलं. गव्हर्नर डॉल्फ ब्रिस्को यांनी कडाडून विरोध केला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही 6 ऑगस्ट 1975 ला झाली. त्यानंतर टेक्सासला मतदारसंघाची एक रेघ जरी हलवायची म्हटलं तरी आधी वॉशिंग्टनची मंजुरी लागायची. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या शेल्बी काउंटी खटल्यातल्या निकालाने ते सूत्र रद्द होईपर्यंत 38 वर्षं हे चाललं. 2025 मध्ये टेक्सासने दशकाच्या मध्येच नकाशा पुन्हा आखला, तेव्हा ती मंजुरी घ्यायची गरजच उरली नव्हती.

---

मृदुला_के

वाचनमात्र होते, पण एका गोष्टीसाठी लॉगिन केलं. ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिलेल्या इथल्या निम्म्या लोकांना जॉर्डन हे नाव माहीत असायला हवं.

काँग्रेस सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी, 1994 पासून अखेरपर्यंत, त्या स्थलांतर सुधारणा आयोगाच्या अध्यक्ष होत्या. आयोगाने सुचवलं की कायदेशीर स्थलांतर वर्षाला साडेपाच लाखांवर आणा: चार लाख कुटुंबीय, एक लाख कुशल कामगार, पन्नास हजार निर्वासित. भावंडांचा कोटा बंद करा, प्रौढ मुलांचाही, आणि वाचलेल्या जागा ग्रीन कार्डवाल्यांच्या नवरा-बायको-लहान मुलांना देऊन त्यांची रांग संपवा. शिवाय नोकरी देताना हक्क तपासायची संगणकीय सोय करा. म्हणून स्थलांतर कमी करा म्हणणारे आज त्यांचं नाव हमखास पुढे करतात.

पण त्याच बाईंनी डिसेंबर 1995 मध्ये काँग्रेससमोर साक्ष देऊन जन्माने मिळणारं नागरिकत्व काढून घेण्याला ठाम विरोध केला. हे त्या मंडळींच्या भाषणात कधी येत नाही. मला त्या दोन्ही ठिकाणी एकच बाई दिसतात. नियम कडक ठेवा, पण एकदा आत घेतलेल्याला अर्धवट ठेवू नका. आणि 1974 च्या त्या भाषणाची सुरुवातही तीच आहे ना? 17 सप्टेंबर 1787 ला राज्यघटना पुरी झाली तेव्हा 'आम्ही लोक' मध्ये मी नव्हते, घटनादुरुस्त्या, अर्थ लावणं आणि न्यायालयाचे निकाल यांतून शेवटी मला आत घेतलं गेलं, असं म्हणतात त्या. असं बोललेल्या बाईने जन्मजात नागरिकत्वावर दुसरी कुठली भूमिका घेतली असती?

---

मेघना_आर

बापरे, केवढं मिळालं! मनापासून आभार. अकरा मतांचा किस्सा लेकीला इतका आवडलाय की घरात कुठल्याही गोष्टीवर ती आधी मतं मोजतेय.

दोन शंका उरल्यात. भाषणाला निबंधात किती जागा द्यावी? आणि राजकारण का सोडलं ते राहिलंच. तब्येतीमुळे का?

---

ऑस्टिनकर

भाषणाला एक परिच्छेद द्या, पण त्यातली कारागिरी दाखवा. समितीत 38 सदस्य, अध्यक्ष पीटर रोडिनो. प्रत्येकाला प्रारंभीच्या निवेदनाला पंधरा मिनिटं, तीही टीव्हीवर थेट. नव्या सदस्यांचा नंबर शेवटी, त्यामुळे बाईंची पाळी आली तेव्हा संध्याकाळ होऊन गेली होती आणि लोक घरी टीव्हीसमोर बसले होते. मृदुलाताईंनी सांगितलेली सुरुवात सगळे लक्षात ठेवतात. मला मधला भाग जास्त आवडतो. महाभियोग कशासाठी असतो याबद्दल घटनाकारांच्या काळची वचनं त्या एकेक करून ठेवतात आणि प्रत्येकाशेजारी निक्सन यांचं एकेक कृत्य. डावीकडे कसोटी, उजवीकडे पुरावा. निक्सन यांच्यावर तोंडसुख घेतलेलं एक वाक्य नाही. वकिलाने जेवणाच्या टेबलावर फाइल लावावी तसं लावलंय. दोन दिवसांनी, 27 जुलैला, पहिलं कलम 27 विरुद्ध 11 मतांनी मंजूर झालं, 9 ऑगस्टला निक्सन पायउतार. ह्यूस्टनमध्ये कुणीतरी जाहिरातफलक लावले होते, आम्हाला आमची राज्यघटना समजावून सांगितल्याबद्दल बार्बरा जॉर्डन यांचे आभार मानणारे.

1976 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पक्षाच्या अधिवेशनातलं बीजभाषण त्यांनी केलं तेही घालायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी आधी अंतराळवीर जॉन ग्लेन बोलले होते, लोक आपापसांत गप्पा मारत होते. बाई उभ्या राहिल्या आणि सभागृह जागं झालं.

सोडण्याबद्दल. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान 1973 मध्येच झालं होतं, म्हणजे ज्या भाषणाने नाव झालं त्याच्या आधी. त्यांनी ते जवळच्यांपुरतंच ठेवलं. पुढे काठी आली, मग चाकांची खुर्ची. पण निवृत्ती तब्येतीमुळे नाही, असंच त्या सांगत राहिल्या, आणि मला त्यात निव्वळ लपवाछपवी दिसत नाही. कार्टर निवडून आल्यावर मंत्रिमंडळासाठी बोलणं झालं होतं. बाईंना ॲटर्नी जनरलचं, म्हणजे देशाच्या न्याय खात्याच्या प्रमुखाचं पद हवं होतं, दुसरं काही नको होतं. ते ग्रिफिन बेल यांना गेलं. मग 435 जणांत एक होऊन वाट बघायची? टेक्सासच्या सिनेटमध्ये 31 पैकी अकरा जमवले की काम व्हायचं, काँग्रेसमध्ये मात्र वरिष्ठतेच्या जिन्यावर वीस वर्षं उभं राहावं लागतं. ज्या बाईंना डोकी मोजता येत होती त्यांनी हेही मोजलं असणार, असं माझं आपलं मत.

1979 च्या जानेवारीत त्या बाहेर पडल्या आणि ऑस्टिनला लिंडन जॉन्सन यांच्या नावाच्या सार्वजनिक धोरण संस्थेत शिकवायला लागल्या, अखेरपर्यंत. 17 जानेवारी 1996 ला गेल्या. टेक्सास स्टेट सिमेटरीत त्यांना जागा मिळाली, तिथे दफन झालेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती.

अठरावा मतदारसंघ त्यांच्यानंतर मिकी लेलंड, मग वल्लीशेठचे क्रेग वॉशिंग्टन, मग 1995 ते 2024 शीला जॅक्सन ली असा चालत राहिला. सौद्याचा हिशेब मांडताना हेही एका बाजूला धरावं लागेल. लेकीला चित्र लावायचं असेल तर ऑस्टिन विमानतळावरच्या पुतळ्याचं लावा, तिथे त्या बसलेल्या आहेत, बोटांची टोकं एकमेकांना टेकवून. विद्यापीठातल्या पुतळ्यात कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत, तो फोटोत जास्त खुलतो, पण अकरा मतं जमवणारी बाई मला पहिल्यात दिसते. मूळ कागद बघायचे असतील तर ते ह्यूस्टनला त्यांच्या जुन्या टेक्सास सदर्न विद्यापीठात आहेत.

---

वल्ली

जिन्याचं पटलं. पण काका, निबंधात ग्रेव्ह्ज यांचं नाव आलं नाही तर मी शिक्षिकाबाईंना पत्र लिहिणार.

---

मेघना_आर

आलंय, दुसऱ्याच पानावर. 1983 सकट.